पहिल्या पावसातला नमुना कायद्याच्या चौकटीत घ्या: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई.

विषय: वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणींमधून नाल्यांत व नद्यांत सोडल्या जाणाऱ्या पाण्याबाबत कायद्याची अंमलबजावणी.

महोदय,

वर्धा नदीच्या एका काठाला चंद्रपूर जिल्हा आहे आणि दुसऱ्या काठाला यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुका आहे. दोन्ही काठांच्या पोटात कोळसा असल्यामुळे घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर, उकणी, निलजई, मुंगोली ही नावे आता गावांची कमी आणि खाणींचीच जास्त वाटतात. यांतील बहुतेक खाणी १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपल्याकडे सर्वजण जिला वेकोलि म्हणतात त्या सरकारी कंपनीच्या आहेत. काही खासगीही आहेत. हे पत्र कोणा एका खाणीविरुद्धची तक्रार नाही. या पट्ट्यातील खाणींचे पाणी नाल्यात उतरते तेव्हा कायदा त्याच्यापर्यंत का पोहोचत नाही, आणि मंडळाने नवा कायदा न मागता, आहे त्याच अधिकारांत काय केले तर तो पोहोचेल, एवढ्याच मुद्द्यासाठी मी हे लिहीत आहे.

खुल्या खाणीत पाणी दोन वाटांनी साचते. पावसाचे पाणी वरून येते आणि कोळशाच्या थरापर्यंत जमीन खोदल्यामुळे आजूबाजूचे भूजल बाजूंनी झिरपते. ते उपसल्याशिवाय कोळसा काढता येत नाही, म्हणून खाणीच्या तळाशी पाणी गोळा करून पंपांनी ते वर घेतात, गाळ बसण्यासाठी टाक्यांत किंवा तळ्यांत थांबवतात आणि मग नाल्याला सोडतात. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे. टाकी गाळाने अर्धी भरलेली असली, किंवा जोराच्या पावसात पंप वाढवून पाणी थांबू न देताच पुढे काढले, की कोळशाची भुकटी आणि बारीक माती सरळ नाल्यात जाते. वाहने धुण्याच्या जागेवरचे तेल त्यात मिसळते. खाणीतून काढलेल्या मातीचे जे ढिगारे नदीनाल्यांच्या काठी उभे आहेत, त्यांना पावसाने घळी पडतात आणि त्यांची मातीही तिथेच येते. ढिगाऱ्याभोवती चर आणि पायथ्याशी भिंत असावी, ही अट पर्यावरण मंजुरीच्या पत्रात जवळजवळ नेहमीच असते. पण चर गाळाने बुजला, तर ती अट फक्त पत्रापुरती उरते.

शेतात हे कसे दिसते, ते मुंबईहून सहज लक्षात येणार नाही म्हणून थोडे सविस्तर सांगतो. नाल्याला पूर येऊन ओसरला की काठच्या काळ्या जमिनीवर राखाडी गाळाचा थर राहतो, आणि दोन दिवस ऊन पडले की त्याची पपडी होते. त्याखाली टोबलेली सरकी उगवून वर येऊ शकत नाही. ज्या रोपांना जोर असतो ती पपडी उचलून वाकडी वर येतात आणि बाकीची खालीच पिवळी पडतात. दुबार पेरणीचा खर्च पंचनाम्यात 'अतिवृष्टी' या नावाखाली जातो, त्यात खाणीचा उल्लेख कुठेही येत नाही. पुढे कपाशीवर फवारणीसाठी नाल्याचे पाणी घेतले तर पंपाचे नोझल तुंबते, ठिबकच्या नळ्यांची छिद्रे बुजतात. नाल्यालगतच्या काही विहिरींचे पाणी इतके जड असते की तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि भांड्यांना पांढरा थर धरतो. हा जडपणा खाणीमुळेच आला की जमिनीत मुळातच होता, हे विहीरनिहाय तपासल्याखेरीज कोणालाही सांगता येणार नाही, आणि तशी तपासणी करणे हेच मंडळाचे काम आहे.

खाणीचे सगळे पाणी विष असते, असे माझे मुळीच म्हणणे नाही. ईशान्येकडील मेघालयात कोळशातील गंधकामुळे खाणीचे पाणी आम्लधर्मी होते आणि नद्याच्या नद्या त्याने निकामी झाल्या आहेत. आपल्याकडील कोळशात गंधक तुलनेने कमी असल्यामुळे आपला मुख्य प्रश्न गाळाचा, तेलाचा आणि विरघळलेल्या क्षारांचा आहे. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी येथे तर वेकोलिने खाणीचे पाणी शुद्ध करून 'कोल नीर' या नावाने बाटलीबंद पिण्याचे पाणी तयार केले आहे. जी कंपनी खाणीचे पाणी पिण्यायोग्य करू शकते, तिच्यासाठी आणि तिच्या शेजारच्या खासगी खाणींसाठीही नाल्यात सोडायचे पाणी गाळरहित ठेवणे अवघड असू नये. त्यासाठी लागते ती मृगाच्या आधी टाक्यांतील गाळ उपसण्याची शिस्त आणि पावसाचा अंदाज धरून बांधलेली तळ्यांची क्षमता. कोळशाच्या उलाढालीपुढे हा खर्च नगण्य आहे; तो टाळला जातो याचे कारण एवढेच की टाळल्याचे काही बिघडत नाही.

आता कायद्याकडे येतो. आपले मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी, राज्याच्या १९६९ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियमाखाली स्थापन झाले, म्हणजे पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने संसदेच्याही आधी पाऊल टाकले होते. नंतर राज्याने स्वीकारलेला १९७४ चा केंद्रीय जल अधिनियम तर अधिकच भक्कम आहे. त्याच्या व्याख्येप्रमाणे 'प्रवाह' या शब्दात नदी येते, तसाच सध्या कोरडा असलेला नालाही येतो आणि भूगर्भातील पाणीही येते. पाण्याच्या भौतिक गुणधर्मांत घातक बदल करणे हेही प्रदूषणच आहे, त्यामुळे नुसत्या गढूळपणाला प्रदूषण म्हणता येत नाही हा युक्तिवाद टिकत नाही. कलम २४ मध्ये घातक द्रव्य प्रवाहात सोडण्याबरोबरच, प्रदूषण वाढेल अशा रीतीने प्रवाहाला अडथळा होईल असे काहीही त्यात टाकण्यास मनाई आहे. नदीच्या काठावरून पात्रात सरकणाऱ्या मातीच्या ढिगाऱ्याला हे कलम लागू होते की नाही, याचा मंडळाने एकदा गांभीर्याने विचार करावा. जुलै २०२२ च्या पुरात चंद्रपूर आणि वणी या दोन्ही बाजूंची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा पुराच्या चर्चेत ढिगाऱ्यांचा विषय पुन्हा निघाला होता. पुराच्या तांत्रिक कारणांत मी शिरत नाही. पण पुराबरोबर शेतात आलेली माती कुठली होती हे प्रयोगशाळेत सांगता येते.

माझा मुख्य मुद्दा कलम २१ चा आहे. न्यायालयात पुरावा म्हणून चालेल असा नमुना कसा घ्यायचा, हे या कलमात पायरीपायरीने सांगितले आहे: खाणचालकाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही मोहरबंद करायचे, दोघांनी सह्या करायच्या आणि मग ते ठरलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचे. ही पद्धत पाळली नाही तर त्या नमुन्याचा अहवाल खटल्यात वापरता येत नाही. मंडळाच्या नित्याच्या कामात मात्र मुख्यतः जेव्हीएस नावाने ओळखले जाणारे संयुक्त दक्षता नमुने घेतले जातात. देखरेखीसाठी ते उपयोगी आहेत, त्यांच्या आधारे कारणे दाखवा नोटीस देता येते, बँक हमी जप्त करता येते. पण एखादी खाण वर्षानुवर्षे त्याच नाल्यात तेच पाणी सोडत असेल आणि तिच्याविरुद्धच्या फाईलमध्ये कलम २१ प्रमाणे घेतलेला एकही नमुना नसेल, तर त्या फाईलचा शेवट नोटिशीतच होणार हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते. म्हणून माझी पहिली मागणी अशी की ज्या खाणींबाबत लागोपाठ तक्रारी आहेत तेथे कलम २१ चाच नमुना घेण्याचा लेखी आदेश आपण क्षेत्रीय अधिकाऱ्यांना द्यावा.

नमुना कसा घेतला याइतकेच तो कधी घेतला हेही महत्त्वाचे आहे. कोळसा खाणींसाठी केंद्राने सप्टेंबर २००० मध्ये पर्यावरण (संरक्षण) नियमांखाली स्वतंत्र मानके जाहीर केली. त्यांनुसार सोडलेल्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा) ५.५ ते ९.० असावा, तरंगते घन पदार्थ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा आणि तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. सिंचनासाठी जमिनीवर सोडायचे असेल तर घन पदार्थांची मर्यादा २०० आहे, म्हणजे शेतकऱ्याला दिले जाणारे पाणी कायद्यानेच दुप्पट गढूळ असू शकते. हा औदार्याचा नमुनाही कधीतरी तपासून पाहावा. तपासणी पंधरवड्याला एकदा व्हायची असते आणि ती मुख्यतः खाणचालकच करून घेतो. फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी, आदल्या दिवशी वर्दी मिळालेली असताना, टाकीच्या शेवटच्या तोंडावर भरलेल्या बाटलीतील पाणी मानकात बसतेच. तेच पाणी जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, रात्री पंप चालू असताना आणि खाणीचे पाणी नाल्याला येऊन मिळते त्या जागेच्या वर व खाली अशा दोन ठिकाणी भरले, तर काय आकडा येतो, हे कळल्याखेरीज बाकीचे आकडे निरर्थक आहेत. सल्फेट, एकूण विरघळलेले क्षार आणि जडपणा यांचीही तपासणी त्याच वेळी, काठच्या विहिरींसह करावी, कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि विरघळलेल्या क्षारांची ५०० आहे. गावाला तुलना करायची ती त्याच्याशी.

रात्री-अपरात्री अधिकारी पाठवणे शक्य नसते, ही अडचण मी समजतो. मग यंत्र बसवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये १७ प्रकारच्या जास्त प्रदूषणकारी उद्योगांना पाण्याचे व धुराचे सतत, ऑनलाइन मापन करणारी यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. त्या १७ मध्ये साखर कारखाना आहे, आसवनी आहे, कागद गिरणी आहे. कोळसा खाण नाही. परंतु खाण चालवण्यासाठी मंडळ जे संमतीपत्र देते त्यात अशी अट घालण्यापासून राज्य मंडळाला कोणीही रोखलेले नाही. उपशाच्या प्रत्येक पाइपवर प्रवाहमापक आणि नाल्यात सोडण्याच्या तोंडावर गढूळता मोजणारे उपकरण, एवढे दोनच आकडे मंडळाच्या सर्व्हरवर आले तरी कोणत्या रात्री किती वाजता काय सोडले गेले ते आपोआप नोंदले जाईल.

यावर नेहमी असे उत्तर मिळते की कोळसा खाण बंद कशी करणार, वीज कोठून येणार. प्रश्न रास्त आहे. आमच्या घरांतली मुले त्याच खाणींवर कामाला आहेत, कोणाच्या घरातला माणूस डंपर चालवतो तर कोणी ठेकेदाराकडे हजेरीवर आहे, त्यामुळे खाणीला टाळे लागावे ही इथे फारशी कोणाची मागणी नाही. पण १९८८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३३-अ म्हणजे फक्त टाळे नव्हे. एखादा उद्योग, काम किंवा प्रक्रिया यांचे 'नियमन' करण्याचा अधिकारही त्यात स्पष्ट दिला आहे. टाकीतील गाळ उपसून दाखवेपर्यंत त्या बाजूने नाल्यात पाणी सोडू नये, काठापासून ठरावीक अंतराच्या आत ढिगाऱ्यावर नवी माती टाकू नये, तळ्याची क्षमता वाढेपर्यंत उत्पादनवाढीला संमती मिळणार नाही, असे नेमके आदेश या कलमाखाली देता येतात. खाण चालू राहील आणि खाणीच्या व्यवस्थापकाला टाकीकडे लक्ष द्यावे लागेल. मे २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईचे कारण देऊन केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ४० टक्क्यांपर्यंत विस्ताराची मंजुरी असलेल्या खाणींना नवी जनसुनावणी न घेता ५० टक्क्यांपर्यंत जाण्याची विशेष सवलत दिली होती. जनसुनावणीचे दार असे अरुंद होत गेले, तर मंडळाचे संमतीपत्र हीच गावासाठी उरलेली तपासणी ठरते.

पैशाचा विषय टाळता येणार नाही. केंद्रीय मंडळाने पर्यावरणीय भरपाईचे जे सूत्र ठरवले आहे, त्यात लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी प्रवर्गातील उद्योगाचा निर्देशांक ८०, रुपयांचा गुणक साधारणपणे २५०, मोठ्या उद्योगाचा गुणक दीड आणि दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणासाठी गुणक एक धरला जातो. गुणाकार दिवसाला ३० हजार रुपये येतो, म्हणजे आमच्या रस्त्यांवरून दिवसरात्र धावणाऱ्या ट्रकांपैकी एखाद-दुसऱ्या ट्रकमधील कोळशाची किंमत. त्याला गुणायचे ते उल्लंघनाच्या दिवसांनी, आणि ते दिवस मोजायचे उल्लंघन मंडळाच्या नजरेस आल्यापासून. नमुना ऑगस्टमध्ये घेतला तर जून आणि जुलै हिशेबातून गळतात. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीच्या प्रकरणात असा निर्णय दिला आहे की कलम ३३-अ खाली मंडळांना स्वतः नुकसानभरपाई आकारता येते, मात्र त्यासाठी नियम करून पारदर्शक पद्धत ठरलेली असावी. नियमांचा पाठपुरावा मंडळाने करावा आणि त्यांत शेताच्या नुकसानीचा, विहिरीच्या पाण्याचा व नाल्यातील गाळ काढण्याचा प्रत्यक्ष खर्च धरला जावा. खाणबाधित भागासाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून गावात पाण्याची टाकी किंवा शुद्धीकरण यंत्र आले की भरपाईचा विषय मिटला असे सांगण्याची पद्धत पडली आहे. ती बरोबर नाही. प्रतिष्ठानाचा निधी रॉयल्टीच्या प्रमाणात येतो, तो पाणी स्वच्छ सोडणाऱ्या खाणीलाही तितकाच द्यावा लागतो, तेव्हा त्याला प्रदूषणाची भरपाई म्हणता येणार नाही.

अंमलबजावणी न केल्याची जबाबदारी शेवटी सरकारवर येते, हे मेघालयात दिसले आहे. राष्ट्रीय हरित लवादाने तेथील उंदीरबिळांसारख्या खाणींवर एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली आणि ती मोडून खाणकाम चालूच राहिल्यावर जानेवारी २०१९ मध्ये १०० कोटी रुपये भरण्याचा आदेश थेट राज्य सरकारला दिला. चंद्रपूरची परिस्थिती वेगळी आहे, येथील खाणी परवान्याने चालतात. पण तेथे परवाना नव्हता आणि येथे परवान्यातील अटी आहेत, म्हणून येथील मंडळाची जबाबदारी उलट अधिक ठरते. २००९ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह प्रदूषणात देशात चौथ्या स्थानी होते, आणि जानेवारी २०१० मध्ये येथे नव्या प्रकल्पांवर तात्पुरती बंदी आली होती. त्यानंतर झालेल्या कृती आराखड्यातील खाणींच्या पाण्याविषयीची कामे कोणती, ती कोठवर झाली आणि कोणाच्या सहीने पूर्ण ठरली, याचा एक पानभर तक्ता मंडळाने प्रसिद्ध केला तर अनेक वाद परस्पर संपतील.

कागद लोकांना दिसावेत ही मागणी नवी नाही, तीही कायद्यातच आहे. कलम २५ च्या पोटकलम ६ प्रमाणे संमतीच्या अटींची नोंदवही बाधित व्यक्तीला पाहू देणे बंधनकारक आहे. मंडळ संमतीपत्रे संकेतस्थळावर ठेवते, ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु ती इंग्रजीत असतात. गंमत म्हणजे नव्या खाणीची जनसुनावणी असते तेव्हा अहवालाचा मराठी सारांश नियमानेच मिळतो. खाण सुरू झाली की मराठी संपते. प्रत्येक खाणीच्या संमतीपत्रातील पाण्यासंबंधीच्या अटी, सोडण्याच्या जागांचा नकाशा आणि शेवटच्या चार नमुन्यांचे निकाल मराठीत संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे बंधन खाणचालकावर घालावे. टाकीचा गाळ १५ मेपूर्वी काढायचा आहे हे गावाला माहीत असेल, तर १६ मे रोजी टाकी पाहायला अधिकाऱ्यांनी मुंबईहून यावे लागणार नाही.

वर्धा, इरई, झरपट आणि वणीजवळची निर्गुडा यांना मिळणाऱ्या खाणींच्या नाल्यांवर येत्या पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार पावसानंतर ४८ तासांच्या आत कलम २१ प्रमाणे नमुने घेण्याचा कार्यक्रम मंडळाने मे महिन्यातच जाहीर करावा. खाणींची नावे आणि तारीख गुप्त ठेवावी, निकाल मात्र जाहीर करावेत. नाल्यापर्यंतची वाट, पाणी सोडण्याची ठिकाणे आणि ज्या विहिरींचे पाणी बदलले त्यांची यादी गावकऱ्यांकडून मिळेल, आणि नमुना घेताना पंच म्हणून उभे राहायला माणसेही मिळतील.

जल अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे कोणाही व्यक्तीला मंडळास ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रार करता येते, आणि तशी तक्रार झाल्यास मंडळाला आपल्याकडील संबंधित अहवाल तक्रारदाराला मागणीनुसार द्यावे लागतात. फिर्यादी म्हणून मंडळानेच उभे राहावे अशी आमची इच्छा आहे, कारण प्रयोगशाळा आणि अधिकार मंडळाकडे आहेत. पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत वरीलप्रमाणे नमुने घेतले गेले नाहीत, तर या पट्ट्यातील काही ग्रामस्थ कलम ४९ खालील नोटीस आपल्या कार्यालयात दाखल करतील. तिच्यासोबत मागायच्या अहवालांची यादी तयार करण्याचे काम सुरू झाले आहे.

कळावे,

आपला,
वर्धा नदीकाठच्या कोळसा पट्ट्यातील एक शेतकरी